वाढत्या अंगाची जाकिटं

आमच्याकडे पोराचं कापड शिवायला आणणारी बाई माप द्यायच्या आधी एक वाक्य हमखास बोलते, "वाढत्या अंगाचं शिवा." म्हणजे यंदा जरा ढगळ, पुढच्या वर्षी अंगाबरोबर, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आतली शिवण उसवून आणखी एक वर्ष. त्यासाठी शिवणीच्या आत दोन्ही बाजूंनी जास्तीचं कापड ठेवावं लागतं. त्याला आम्ही माया सोडणं म्हणतो. चाळीस वर्षं मी माया सोडत आलेय. आता कुणी सांगो न सांगो, माझा हात खडूच्या रेघेबाहेर इंचभर जातो आणि तिथून कात्री लावतो. याच सवयीनं गेल्या वर्षी मला असं तोंडघशी पाडलं की अजून आठवलं तरी कान गरम होतात.

माझं माहेर येडगावचं. धर्मांतरानंतर आजोबांनी गावकीची कामं सोडली आणि वडिलांना मंचरला एका शिंप्याकडे शिकायला बसवलं. आमच्या वस्तीतलं पहिलं शिवणाचं मशीन वडिलांचं. सुरुवातीला गावातली माणसं कापड द्यायला बिचकायची. मग एकदा का त्यांचा हात बघितला, की दिवाळीच्या आधी महिनाभर आमच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची. शिवायला वडील कुणालाही बसवत, अगदी आईलाही, पण कापायला कधी कुणाला दिलं नाही. "शिवण चुकली तर उसवता येती. कापलेलं परत जुळत न्हाई," असं म्हणायचे. शेवटी भाऊ नोकऱ्यांना लागले आणि कात्री माझ्या हातात आली. लग्न होऊन मी अवसरी बुद्रुकला आले ती ती कात्री घेऊनच. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोरगी काय आणतीय, तर लोखंड."

आता आम्ही सहाजणी विहाराच्या मागच्या हॉलमध्ये सहा मशीनवर शिवतो. मी, माझी धाकटी जाऊ, गावातल्या शेतकरी घरातल्या तिघी, आणि सहावी बाई ऊसतोडीची. शाळेचे गणवेश, ब्लाउज, परकर, साडीला फॉल, जे मिळेल ते. जून-जुलैत गणवेशांची धांदल आणि मग पुढं सगळा कोरडा काळ. त्या कोरड्या काळात तिघी शेतकरणी कांद्याच्या काढणीला जातात, जाऊ घरी चिडचिड करते, आणि मी सगळ्यांना धीर देते. धीर द्यायला काही लागत नाही म्हणून तो मी भरपूर देते.

सहाव्या बाईचं जरा सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच येऊन ठेपतं. ती बीडकडची. पारगावच्या कारखान्याच्या हंगामात तिची टोळी आमच्या वस्तीपलीकडच्या माळावर राहायला उसाच्या पाचटाच्या कोप्या घालायची. पहिल्या वर्षी ती ब्लाउज शिवायला आली आणि दारातच बसून राहिली, माझे हात बघत. दुसऱ्या दिवशी परत आली, ब्लाउज नसताना. पहाटे तीनला उठून ऊस तोडायचा, दुपारपर्यंत मोळ्या वाहायच्या, आणि मग येऊन माझ्याकडे सरळ शिवण घालायला शिकायची. तिसऱ्या हंगामात तर मी तिला मशीनच दिलं. सरळ शिवण तिच्याइतकी सरळ माझीही येत नाही, हे मी तिच्या तोंडावर कधी सांगितलं नाही, पण इथं सांगते.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी धरतात. जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. बाई गेली नाही तर नवऱ्यालाही कुणी विचारत नाही. तिच्या नवऱ्याला इथल्या एका बागायतदारानं सांगून ठेवलं होतं, की राहत असशील तर बारमाही ट्रॅक्टरवर ठेवतो. पण एकाच्या मजुरीवर खोली घेऊन राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. तिला इथं वर्षभर शिवणाचं काम मिळालं, तर दोघंही राहणार. नाही मिळालं, तर एप्रिलमध्ये हंगाम संपला की ट्रक भरायचा, गावाकडं जायचं, आणि दसऱ्यानंतर मुकादम नेईल त्या कारखान्यावर. ती एकदा मशीनवर तेल घालता घालता म्हणाली होती, "आक्का, मला आता कोयता धरायचाच न्हाई. माजी कंबर न्हाई म्हणती आन मीबी न्हाई म्हणते." हे बोलताना ती हसत नव्हती.

तर अशात फेब्रुवारीत पुण्याच्या एका कपड्यांच्या कंपनीचं काम आलं. ही कंपनी फेकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून कापड बनवून घेते आणि त्याचे कपडे विकते. कापड तयार होतं लांब कुठंतरी गिरणीत. शिवायला मात्र गावातल्या बायका हव्यात, असं कंपनीनं ठरवलेलं. नमुन्याला दोनशे जाकिटं द्यायची, चार ते दहा वर्षांच्या मुलांची, थंडीची. चांगली झाली आणि वेळेत झाली तर वर्षभर काम. हे 'वर्षभर काम' दोन शब्द मी हॉलमध्ये येऊन सांगितले तेव्हा सहावी बाई मशीनवरून उठली, बाहेर जाऊन तोंड धुऊन आली आणि परत बसली.

टेम्पोतून तागे उतरले त्या दिवशी वस्तीतली निम्मी माणसं बघायला. निळं आणि मातकट असे दोन रंग. कापड इतकं मऊ, की हात फिरवला तर बोटं आत बुडावीत. "ह्या बाटल्या व्हय?" जावेनं विचारलं आणि नाक लावून वास घेतला. तिला काही वास आला नाही, त्यामुळं ती जास्तच संशयात पडली. एका म्हाताऱ्या चुलत सासऱ्यांनी तागा ठोकून बघितला, वाजतो का म्हणून. "येडगावच्या धरणावं माणसं पार्ट्या करत्यात आन बाटल्या टाकून येत्यात," ते म्हणाले, "त्येच गोळा करून आता आपल्याच नातवाच्या अंगात घालायच्या. येवढं फिरवून आणण्यापरीस धरणावच जाऊ द्यायचं नव्हतं." सगळे हसले. मला म्हाताऱ्याचं पटलं, पण ऑर्डर हातात असताना असलं काही पटवून घेणं परवडत नाही.

कापडाशी ओळख व्हायला दोन दिवस गेले. सुती कापड आम्ही कापायच्या आधी पाण्यातून काढतो, म्हणजे नंतर आटत नाही. हे पाण्यात टाकलं तर वरच तरंगत राहिलं. इस्त्री लावली तर नमुन्याचा तुकडा आक्रसून कडक झाला आणि जळक्या पिशवीचा वास सुटला. तेव्हा कुठं जावेची खात्री पटली. "आत्ता बाटली दिसली," ती म्हणाली. त्या तुकड्यावर आम्ही शिकलो, की इस्त्री दूर ठेवायची, सुई बारीक घालायची, टाका मोठा धरायचा. चौथ्या दिवशी पहिलं जाकीट तयार झालं आणि ते खरोखर छान दिसत होतं. आम्ही आळीपाळीनं ते छातीला लावून बघितलं.

कंपनीनं कागदाचा फर्मा दिला होता, प्रत्येक मापाचा वेगळा. तो कापडावर ठेवायचा, खडूनं रेघ मारायची आणि रेघेवर कापायचं. मी फर्मा ठेवला, रेघ मारली. मग बघितलं, तर आत दुमडायला अर्ध्या इंचापेक्षा कमी जागा. खालच्या घेराला दुमड म्हणावी अशी दुमडच नाही. मला शहरातल्या लोकांची कीव आली. लहान मुलाचं जाकीट आणि माया सोडायची विसरले! हजार चुका शिकलेली माणसंही करतात, त्यातली ही एक, असं म्हणून मी ती माझ्या हातानं दुरुस्त केली. बाजूच्या शिवणींना एकेक इंच, बाह्यांना एकेक इंच, खाली घेराला दोन इंच. कुणाला विचारलं नाही. फोन करायला हवा होता हे आज कळतं. तेव्हा वाटलं होतं, आपण उपकारच करतोय.

सगळं कापणं मी एकटीनं केलं. पाचजणी शिवत होत्या, मी कापत होते. काम सपाट्यानं चाललं. सहावी बाई ऊस तोडून दुपारी यायची आणि अंधार पडेपर्यंत बसायची. तिच्या हातावर पाचटानं कापल्याच्या रेघा असायच्या, त्यामुळं मऊ कापडाचे धागे तिच्या बोटांना अडकत. मग ती घरून तेल लावून यायला लागली, तर कापडाला डाग पडेल म्हणून मी ओरडले. तेव्हापासून आली की साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची आणि मगच मशीनला बसायची.

दीडशे जाकिटं झाल्यावर मला ताग्यांकडं बघून जरा शंका आली. मी ती दाबली. एकशे अठ्ठ्याहत्तराव्या जाकिटाला निळा तागा संपला. मातकट आधीच संपला होता.

मी पहिल्यांदा गिरणीला शिव्या दिल्या. मग टेम्पोवाल्याला. मग जावेवर संशय घेतला, की हिनं नातवासाठी वारभर काढून ठेवलं असणार, आणि तसं तिला सरळ विचारलंही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, ते बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशी मी दार लावून घेतलं, एक जाकीट उलटं केलं आणि आतली माया टेपनं मोजली. बाजू, बाह्या, घेर. मग एकशे अठ्ठ्याहत्तरनं गुणलं. बावीस जाकिटांचं कापड तिथंच होतं, आतल्या बाजूला, व्यवस्थित शिवलेलं. मी ते जाकीट परत सुलटं केलं.

दुसऱ्याच दिवशी कंपनीकडून माल तपासायला मुलगी आली. पंचविशीची असेल, पाठीवर बॅग, गळ्यात टेप. बोलायला गोड. तिनं पहिलं जाकीट बाहेरून बघितलं आणि म्हणाली, "काकू, फिनिशिंग एकदम मस्त." मग उलटं केलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"एवढी मार्जिन का सोडलीये?"

"वाढत्या अंगाचं आहे," मी म्हणाले. "पोर वाढलं की उसवायचं. दोन वर्षं जादा जाईल."

"काकू, आमचं गिऱ्हाईक उसवत नाही हो. पुढच्या वर्षी नवीन घेतं."

आता मी गप्प बसायला हवं होतं. चूक माझी होती. पण माझा स्वभाव सासरी-माहेरी दोन्हीकडं प्रसिद्ध आहे. "दरवर्षी नवीन घेणार असतील तर बाटल्या वाचवता कशाला?" मी विचारलं. "कापड मरेना आणि जाकीट वर्षात टाकायचं, हे कुठलं गणित?"

ती मुलगी प्रामाणिक होती. तिनं मला कसलंही भाषण दिलं नाही. "गणित चुकतंय खरं, काकू," ती म्हणाली. मग तिनं जाकिटाला लावायच्या लेबलांचं पाकीट काढून मला दाखवलं. लेबलावर एका जाकिटात किती बाटल्या गेल्या तो आकडा छापलेला. मी प्रत्येक जाकिटात पाऊण-एक बाटली जास्त कोंबली होती. कंपनीचं सगळं बोलणंच हे, की आम्ही काही वाया घालवत नाही. आणि इथं बावीस जाकिटं कमी, त्याच रंगाचं कापड परत मिळायचं नाही, कारण ते एका घाण्यात रंगवलेलं. शिवाय आतल्या जाड शिवणी पोराच्या काखेत टोचणार, म्हणून माया कापून काठाला परत ओव्हरलॉकचे टाके घालायचे. तीन दिवसांत.

निघताना ती दारात थांबली. "वर मला कारण लिहावं लागेल," ती हळू आवाजात म्हणाली. "मी लिहिते, कापड आखूड आलं. तुमची ऑर्डर जायला नको."

मी हो म्हणाले नाही. पण नाहीही म्हणाले नाही. तिची गाडी वळेपर्यंत मी तशीच उभी होते. माझं चाळीस वर्षांचं नाव राखायला कुणीतरी चुकीवर झाकण घालत होतं आणि मला ते बरं वाटत होतं. याची लाज मला नंतर वाटली, त्या क्षणी नाही.

तीन दिवस आम्ही कातरत बसलो. प्रत्येक जाकीट उलटं करायचं, शिवणीलगत माया कापायची, काठ ओव्हरलॉक करायचा. पट्ट्यांनी सिमेंटची दोन पोती भरली. सुती चिंध्या असत्या तर गोधडीत गेल्या असत्या, बंब पेटवायला झाल्या असत्या, काही नाही तर मातीत कुजल्या असत्या. ह्या जाळायच्या तर धूर काळा, पुरायच्या तर माझ्या पणतूच्या नांगराला लागतील. शेवटी कंपनीला फोन करून विचारलं, तर टेम्पोतून परत पाठवा म्हणाले. निदान तेवढं तरी बरं झालं. जावेनं तिसऱ्या दिवशी मला पहिल्यांदा चहा दिला आणि म्हणाली, "माझ्यावर आळ घ्यायच्या आधी उलटं करून बघायचं व्हतं." मी तिची माफी मागितली. तिनं ती चहा पिऊन होईपर्यंत स्वीकारली नाही.

त्याच संध्याकाळी तपासणाऱ्या मुलीचा फोन आला. आवाज घाबरलेला. कंपनीच्या साहेबांनी गिरणीला विचारलं होतं. गिरणीकडं प्रत्येक ताग्याच्या मापाची नोंद होती आणि तागे पुरेपूर होते. आता साहेब तिलाच विचारत होते, की हे लिहिलं कशावरून. "काकू, काहीतरी सांगा ना," ती म्हणाली. "कुणाच्या हातून चुकलं असं काही."

फोन मोठ्या आवाजावर होता, सगळ्यांनी ऐकलं. मशीनं बंद झाली. मग सहावी बाई म्हणाली, "आक्का, माज्या नावावर घाला की."

मला आधी कळलंच नाही.

"सांगा त्यास्नी, एक नवी बाई व्हती, ऊसतोडीवाली, तिला कळलं न्हाई, तिनं वंगाळ कापलं. तिला काढून टाकली म्हणा. म्हंजी तुमच्या पाचजणींचं काम ऱ्हाईल. मी काय, टोळीसंगं जाणारच हाय. शनवारी गाडी भरत्यात."

हे ती अगदी सहज बोलली, धागा तोडता तोडता. ज्या बाईला ह्या कामाची आम्हा सगळ्यांत जास्त गरज होती तीच ते सोडून द्यायला निघाली होती, आणि तेही माझी चूक डोक्यावर घेऊन. तिघी शेतकरणींपैकी एकीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत क्षणभर आशा होती, मी ती बघितली, आणि तिलाही कळलं की मी बघितली. तिनं मान खाली घातली. मी तिला दोष देत नाही, तिला एप्रिल-मेच्या उन्हात वाकून कांदे काढायचे होते. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग राग आला, त्या ऊसतोडीवाल्या बाईचा नव्हे, माझा. आमच्या घराण्यात आजोबांपासून एवढं एकच कमावलेलं आहे, की आपला भार दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचा नाही. तो भार कुणीतरी शतकानुशतकं आमच्या डोक्यावर देत आलं होतं, म्हणून आम्हाला तो ओळखू येतो.

"तू कात्रीला हात लावला होतास का?" मी तिला विचारलं.

"न्हाई."

"मग गप बस. काठ शिव."

मी मुलीला फोनवरच सांगितलं, की साहेबांचा नंबर दे. ती नको नको म्हणत होती, पण दिला. मी बाहेर आवारात गेले, बोधिवृक्षाच्या कट्ट्यावर बसले आणि नंबर लावला. शब्द माझ्या नेहमीच्या भांडायच्या आवाजात निघाले, याचं मला आश्चर्य वाटलं.

"कापड मी कापलं," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणी नाही. कापड पुरेपूर आलं होतं. तुमच्या मुलीनं आमच्यासाठी खोटं लिहिलं, तिला काही बोलू नका. मला वाटलं तुमच्या फर्म्यात माया सोडायची राहून गेली, म्हणून मी सोडली. विचारलं नाही, ही माझी चूक. शिवणाऱ्या पाचजणींचा यात काही संबंध नाही. त्यांचं शिवण बघा आणि मग ठरवा."

मग साहेबांनी विचारलं, "तुम्ही किती वर्षं कापताय?"

"चाळीस."

"शनिवारी सकाळपर्यंत सांगतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारपर्यंतचे तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. घरात कुणी हाक मारली तरी मी अंगावर जायची. माल टेम्पोत चढला, पोती चढली, हॉल रिकामा झाला. सहावी बाई रोज दुपारी येऊन मशीन पुसून जायची. शुक्रवारी माळावरच्या कोप्या मोडल्या, बांबू बांधले.

शनिवारी सकाळी साडेआठच्या सुमारास ती निरोप घ्यायला आली. नवऱ्यानं सामान ट्रकमध्ये चढवलं होतं. ती माझ्या पाया पडायला वाकली तेवढ्यात फोन वाजला. मी तिला हातानंच थांब म्हणाले.

"शिवण चांगली आहे," साहेब म्हणाले. "पुढचं काम सहाशेचं आहे, आणि मग पुढं चालू राहील. सहा मशीन लागतील, कमी नकोत. पण एक गोष्ट. कापून आम्ही इथून पाठवणार. तुमच्याकडे कात्री लागणार नाही. तुम्ही फक्त शिवायचं. मान्य असेल तर आत्ता सांगा, मला दुसऱ्या गटाला कळवायचंय."

मी लगेच हो म्हणाले असं सांगायला मला आवडेल. पण तसं झालं नाही. चाळीस वर्षांत मला कुणी कापू नको म्हणालं नव्हतं. वडिलांनी आईला जे दिलं नाही ते मला दिलं होतं, आणि एक माणूस पुण्यात खुर्चीवर बसून ते काढून घेत होता. त्यातून तो चुकीचं काहीच बोलत नव्हता, हे तर जास्तच लागत होतं. भांडायला जागाच नव्हती. मी समोर बघितलं. ती डोक्यावरचा पदर दाताखाली धरून उभी होती, डोळे माझ्या तोंडावर.

"मान्य," मी म्हणाले. "सहा मशीन. सहाही बायका आहेत."

फोन ठेवून मी तिला सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा गळ्यात पडेल. तिनं यातलं काही केलं नाही. वळली आणि चालायला लागली, मग पळायलाच लागली. मी चप्पल पायात सरकवून तिच्या मागं. माळावर ट्रक भरून उभा होता, वर कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत सगळं रचलेलं, बाया-पोरं चढून बसलेली. ती नवऱ्याशी चार शब्द बोलली. तो ट्रकमागचा दोर सोडायला लागला. मग तिनं चाकावर पाय दिला, फाळक्यावर चढली आणि भांड्यांच्या पोत्याखालून पत्र्याची पेटी ओढायला लागली. मुकादम पुढून ओरडत आला, "आगं ए! भरल्याली गाडी उसकाटती व्हय? निघायचा टाइम झालाय!"

"निघा की तुमी," ती पेटी ओढत म्हणाली. "मला नऊला कामावर जायाचंय."

कापलेला माल पुण्याहून यायला अजून बारा दिवस होते. हॉलमध्ये शिवायला एक रुमालही नव्हता. हे तिला नंतर सांगू म्हणून मी पेटीखाली हात लावला. पेटी खाली आली, एक बाजू मी धरली, एक तिनं धरली, आणि आम्ही ती नेऊन माझ्या पडवीत ठेवली. मग मी हॉलची किल्ली काढून तिच्या हातात दिली. तिनं जाऊन कुलूप काढलं, कोपरापर्यंत हात धुतले आणि मशीनवर जाऊन बसली.